मुग्धाच्या नडगीतली फट

काल घाटकोपरच्या हॉस्पिटलमध्ये मी एक फाइल उलटी वाचली... आणि दोन मिनिटांत बहिणीला अर्धमेली करून ठेवली.

माझी भाची मुग्धा, वय वर्षं वीस, राहणार चेंबूर. मागे तिच्या नडगीच्या हाडात कॅन्सर निघाला. केमो झाली, ऑपरेशन झालं, पाय वाचला. कापलेल्या हाडाच्या जागी कुणीतरी दान केलेलं हाड बसवलं... पण ते एका टोकाला जुळेचना. मधे काळी फट, आणि मुग्धाच्या काखेत दोन कुबड्या.

आजार परतलेला नाही याची नीट खात्री करून मग डॉक्टरांनी तिच्याच कमरेच्या हाडातून मज्जा काढली. ती मशीनमध्ये गरगर फिरवली, त्यातल्या स्टेम सेल्सचा, म्हणजे नवं हाड घडवू शकणाऱ्या पेशींचा, दाट भाग वेगळा केला आणि त्या फटीत सोडला. "ताकातून लोणी काढतो ना, तसंच," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "पण धरेलच असं सांगत नाही. नाही धरलं तर पुन्हा मोठं ऑपरेशन."

मी पंचवीस वर्षं मुलुंडच्या शाळेत संस्कृत शिकवतोय. तेव्हा ज्ञान पाजळणं आलंच. म्हटलं, शरीरातल्या सात धातूंचा क्रम ठरलेला आहे. आधी अस्थी, अस्थीपासून मज्जा. उलटं कुठे लिहिलेलं नाही.

"मामा, हे माझ्या पेशींसमोर बोलू नकोस हं," मुग्धा म्हणाली. "ऐकतील बिचाऱ्या."

काल निकालाचा एक्स-रे होता. "मी नाही बघणार दादा, तूच बघ," म्हणून बहीण बाकावर डोळे मिटून बसली. फाइल माझ्याच ताब्यात असते... पोथीच्या शिस्तीत लावलेली, जुनं वर, नवं सगळ्यात खाली. टेक्निशियनने नवी फिल्म त्यात सरकवून दिली. मी खालची काढली, खिडकीच्या उजेडात धरली.

फट तशीच होती. काळी, स्वच्छ.

बहिणीने डोळे उघडून माझा चेहरा वाचला आणि पदर तोंडाला लावला.

मुग्धाने फिल्म माझ्या हातातून घेतली. "मामा, तारीख बघ ना. ही मागच्या वेळची आहे. नवी त्यांनी वर ठेवलीय, जगात सगळे ठेवतात तशी."

मग तिने वरची धरली... पाटीवर ओल्या खडूने रेघ काढली की आधी दिसत नाही, वाळता वाळता पांढरी उमटत जाते. त्या फटीत अगदी तसंच काहीतरी उमटलं होतं. धुरकट, पण या काठापासून त्या काठापर्यंत.

"धरलंय," आत फिल्म बघून डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "पुढच्या महिन्यापासून एकच कुबडी."

बहीण किती तरी वेळ त्या पांढऱ्या जागेवरून बोट फिरवत होती. मला एकही श्लोक आठवला नाही, हे प्रामाणिकपणे सांगतो.

घरी येऊन फाइल पुन्हा लावली. नवं वर, जुनं खाली.

त्या फटीच्या एका काठाला आमची मुग्धा आहे, दुसऱ्या काठाला हाड दान करणारा एक माणूस... ज्याचं नावही आम्हाला ठाऊक नाही. तिची मज्जा त्याच्यापर्यंत पोचली. आमचा नमस्कारही पोचावा.