भोंगा टीचरचा हळू आवाज

गोव्यातल्या पाळी गावात आमच्या बालवाडीच्या टीचरला सगळे भोंगा टीचर म्हणायचे, आणि हे तिला चांगलं माहीत होतं. शिफ्ट बदलताना खाणीवर भोंगा वाजतो ना, तसला आवाज. दारात उभी राहून कुणाच्या आईला डबा विसरल्याचं सांगायची, तर रस्त्यावरचे, खाणीचा माल नेणारे टिपरवाले ब्रेक मारायचे. माझे बाबा टिपरच चालवायचे. ते म्हणायचे, "माका वाटला माझोच टायर फुटलो." हे टीचरपर्यंत गेलं तर ती म्हणाली, "फुटूंदी. पोरां रस्तो ओलांडतात थंय सावकाश चलय."

आणि हीच बाई माझ्या बहिणीशी इतकं हळू बोलायची की शेजारी बसून मला ऐकू यायचं नाही.

तनू तेव्हा चार वर्षांची. मोठा आवाज झाला की कान दाबून घ्यायची, हाक मारली तर बघायची नाही. बालवाडीच्या बाहेर पोरांच्या चपला असायच्या, त्या लहानीपासून मोठीपर्यंत लावत बसायची. आम्ही मूळचे सीमेपलीकडच्या दोडामार्गकडचे, आमच्या घरात सगळे म्हणायचे, बोलेल उशिरा, घाई काय. टीचरनेच आईला डॉक्टरकडे पाठवलं. म्हापशाच्या डॉक्टरांनी ऑटिझम सांगितलं, आई बसस्टँडवर रडली, आणि घरी आल्यावर टीचर म्हणाली, "नांव मेळ्ळें, बरें जालें. आता तिका शिकवपाचें कशें तें पळोवया."

तिची शिकवायची पद्धत अशी की आधी शिकवायचंच नाही. तनूजवळ जाऊन खाली बसायची आणि ती पण चपला लावायची. मुद्दाम चुकीच्या. मोठी इकडे, छोटी तिकडे. तनू वैतागून तिच्या हातातून चप्पल काढून घ्यायची. तनूने स्वतःहून कुणाच्या हाताला हात लावला तो असा, चपलेच्या भांडणात. टीचर इतकी खूश झाली की ओरडायला तोंड उघडलं आणि तनूकडे बघून तसंच मिटलं. मी पाहिलंय ते तोंड. हसू येतं अजून.

मग खाणी बंद पडल्या. बाबांचा टिपर उभा राहिला, आणि एका ओळखीच्या माणसाने समुद्रकाठी हरमलला पर्यटकांच्या खोल्या सांभाळायचं काम दिलं. राहायला मागची खोली पण. सगळं ठरलं, फक्त तनूची शाळा ठरेना. ती पहिलीत जायची होती. बाबा म्हणाले, वर्षभर राहूदे घरी. टीचर आमच्या दारात उभी होती, अख्ख्या वाड्याने ऐकलं ते. "घरी दवरतलो? खोलयो झाडूंक शिकयतलो तिका? फाल्यां मोटारसायकल घेऊन ये."

दुसऱ्या दिवसापासून शाळा शोधणं सुरू झालं, माझी परीक्षा संपली होती म्हणून मी पण गेले. पुढे बाबा, मध्ये मी, मागे टीचर आणि तिची छत्री. ती शाळेची इमारत बघायचीच नाही. सरळ हेडमास्तरांना सांगायची, घंटा वाजवून दाखव. आणि दुसरा प्रश्न, "पोर धावत सुटलें तर कोण धरता?" एका ठिकाणी घसरगुंडी, झोपाळे, सगळं मस्त होतं, पण इलेक्ट्रिक घंटा वाजली तेव्हा टीचरनेच कानावर हात ठेवले. तिने, विचार करा. दुसरीकडे सर फार गोड बोलले. म्हणाले, "आमचं काही नाही हो, पण बाकीचे पालक बोलतात."

"माझ्याकडे पण बोलले," टीचर म्हणाली. "हांव चड व्हडल्यान उलयलें." म्हणजे ती त्यांच्याहून मोठ्याने बोलली.

सर हसले. प्रवेश काही दिला नाही.

सगळे एकच सांगायचे, खास मुलांच्या शाळेत घाला. ती शाळा दोन बस बदलून. आणि बसमध्ये तनू स्वतःचं मनगट चावायची, रक्त येईपर्यंत. ते त्यांना कुठे माहीत. परत येताना टीचर मागून माझा खांदा धरून बसायची आणि प्रत्येक उताराला तिची बोटं घट्ट व्हायची. मला आधी वाटायचं मोटारसायकलला घाबरते. नंतर कळलं, ती रडत असायची.

शेवटी हरमललाच, डोंगराच्या बाजूला, एक छोटी मराठी शाळा मिळाली. मुलं अगदी थोडी, घंटा म्हणजे टांगलेला लोखंडाचा तुकडा. तिथल्या नव्या टीचरने बाकी काही विचारलं नाही, फक्त विचारलं, "तिला काय आवडतं?" आमची टीचर तिच्याकडे बघत राहिली. मग म्हणाली, "चपला." दोघी हसायला लागल्या.

जूनमध्ये भोंगा टीचर रजा काढून आमच्या खोलीत राहायला आली. रोज तनूबरोबर वर्गात जाऊन बसायची, ते बारकं बाक आणि ही एवढी मोठी बाई. तनू छान बसायची. आम्ही खूश. टीचर खूश नव्हती. आईला म्हणाली, "ती शाळेत बसना गो. ती माझ्याकडेन बसता." मग तिने सरकायला सुरुवात केली. आधी बाकाच्या टोकाला, मग दाराजवळ जमिनीवर, मग व्हरांड्यात, मग आंब्याखाली छत्री उघडून. तनू उठून बघायला आली की टीचर हलायची नाही, बोलायची नाही. तिला उचलून घ्यावंसं वाटत असेल ना, पण नाही. एक दिवस ती गेटाबाहेर गेली आणि तनू उठलीच नाही. त्याच दुपारी टीचर बॅग भरून पाळीला निघून गेली.

गणपतीत, चवथीला, करंज्यांसारख्या नेवऱ्या घेऊन ती आली. चूक झाली. तनू तिच्या मांडीवर डोकं ठेवून झोपली, आणि दुसऱ्या दिवसापासून शाळेला जाईना. उंबऱ्यावर बसून रस्त्याकडे बघायची. जेवायला उठवलं तर किंचाळायची. नव्या टीचरने घरी येऊन, हळूहळू, परत तिला वर्गात नेलं. सगळं पहिल्यापासून. हे कळल्यावर भोंगा टीचरने आईला फोनवर सांगितलं, "आता हांव येवचें ना."

आली नाही. फोन करायची, पण तिचा आवाज फोनमधून पण खोलीभर, म्हणून आई बाहेर विहिरीकडे जाऊन बोलायची. तिचे प्रश्न ठरलेले. जेवता? कोणाकडेन बसता? हसता?

ती आजारी आहे हे तिने सांगितलंच नाही, पाळीच्या कुणीतरी बाबांना सांगितलं. बांबोळीच्या हॉस्पिटलातून घरी आणलेलं होतं. मी गेले तेव्हा खाटेवर अर्धी झाली होती, आवाज मात्र होता. मी म्हटलं, टीचर, रविवारी तनूला घेऊन येते. म्हणाली, "हाडूं नाका." आणू नको.

"तिला कळत नाही असं तुला वाटतं?" मी विचारलं.

"कळता म्हणूनच."

मग मी मोबाइलवर व्हिडिओ दाखवला. तनू बाकावर, शेजारी एक मुलगी, आणि त्या मुलीने तनूच्या हातावर हात ठेवलाय आणि तनूने तो काढलेला नाही. टीचरने परत परत लावायला सांगितला. हसत होती. मग मोबाइल माझ्याकडे दिला आणि भिंतीकडे तोंड करून म्हणाली, "माझ्याकडेन अशी केन्नाच बसली ना गो." कधीच बसली नाही. ती तनूशी बोलायची तो हळू आवाज मला पहिल्यांदाच ऐकू आला.

टीचर वारली त्या दिवशी शाळा होती. आई-बाबा पाळीला गेले, मी राहिले, तनूला सोडायला कुणीतरी पाहिजे. मला वाटत होतं हिने आज तरी हट्ट करावा. किंचाळावं, चावावं, काही पण. तिने दप्तर घेतलं, माझ्या पुढे चालत गेली आणि वर्गात जाऊन बसली. टीचरला हेच पाहिजे होतं, मला माहीत आहे. मला नको होतं.

तनू आता तिसरीत आहे. वाचते. तिने टीचरबद्दल अजून एकदाही विचारलेलं नाही, आणि मी रोज शाळेच्या वाटेवर वाट बघते, आज विचारेल.