चाकं ऐकणारा माणूस

माझे सासरे कमी ऐकू येतं हे सोडून बाकी सगळं कबूल करायचे. गुडघे दुखतात, विसरायला होतं, चहात चोरून जास्तीची साखर घालतो, सगळं. कानाचं नाव काढलं की मात्र बिथरायचे. "मला नीट ऐकू येतं. तुम्हीच सगळे तोंडातल्या तोंडात बोलता," हे ठरलेलं उत्तर. मी तोंडातल्या तोंडात बोलते असं मला आयुष्यात दुसरं कोणी म्हणालेलं नाही. माहेरी माझा आवाज चार घरं सोडून ऐकू जायचा.

आम्ही त्यांना आबा म्हणतो. आबांची उभी हयात रेल्वेच्या डेपोत गेली. काम एकच, चाकं वाजवायची. गाडी येऊन उभी राहिली की लांब दांड्याचा हातोडा घेऊन ते तिच्या कडेकडेने चालत आणि प्रत्येक चाकावर एक टोला देत. चांगलं चाक खणखणीत वाजतं, तडा गेलेलं बद्द वाजतं. तडा डोळ्यांना दिसत नाही, कानाला कळतो. बरोबरीचे लोक त्यांना कानसेन म्हणायचे. एकदा त्यांनी एका चाकापायी भरलेली गाडी अडवून धरली होती. साहेब लालपिवळे झाले, प्रवासी खिडकीतून नाही नाही ते बोलत होते, आणि हे हातोडा टेकून शांत उभे. "चाकाची भीड धरायची नसते, साहेबाची तर नाहीच नाही." चाक उतरवलं तेव्हा आतल्या बाजूने बोटभर तडा निघाला. ही गोष्ट आमच्या घराच्या भिंतींनाही पाठ आहे.

अशा माणसाचे कान जाणं म्हणजे गवयाचा गळा जाणं, हे मला कळत नव्हतं असं नाही. पण कळणं वेगळं आणि रोज सोसणं वेगळं. कपबशा घ्यायला गेले की आबा दुकानात प्रत्येक कपाला टिचकी मारून बघणार, ही जुनी सवय. मध्ये असाच एक कप "काय वाजतोय बघा" म्हणून कौतुकाने घेऊन आले. पहिल्याच चहाला तो गळला आणि टेबलावर तळं झालं. "दुकानदाराने बांधताना बदलला," आबा म्हणाले. दुकानदार बिचारा त्यांच्याच वयाचा, त्याला कप नीट दिसतसुद्धा नाहीत.

हे सगळं मी हसण्यावारी नेलं असतं. पण आमची चिमी. ती पहिलीत आहे, अजून र म्हणता येत नाही, त्याचा ल होतो. पूर्वी शाळेतून आली की दप्तर पाठीवर तसंच ठेवून आधी आबांच्या खोलीत धावायची. ती सांगायची एक आणि आबा अंदाजाने उत्तर द्यायचे भलतंच. शाळेत पडले, गुडघा फुटला, असं सांगत आली तर हे तिच्या पाठीवर थाप मारून म्हणाले, "शाब्बास!" ती रडत बाहेर आली. हळूहळू तिने त्या खोलीत जाणंच सोडलं. मी विचारलं तर म्हणाली, "आजोबांना सांगून काय उपयोग?" पहिलीतल्या पोरीच्या तोंडी ते वाक्य ऐकून मला संताप आला. राग आबांच्या कानांचा नव्हता. हट्टाचा होता.

मग मी त्यांना अक्षरशः ओढत कानाच्या डॉक्टरांकडे नेलं. तपासण्या झाल्या, मापं झाली, मशीन कानाला बेतून मिळालं. घरी आल्यावर ते डबीत गेलं ते गेलंच. "म्हाताऱ्यांचं आहे ते," ऐंशीला टेकलेला माणूस म्हणाला. मी ती डबी माझ्या पर्समध्ये घेऊन फिरू लागले. सेल बदलत राहिले. आशा सुटत नाही ती ही अशी.

आबांचा डेपो बंद पडून बरीच वर्षं झाली होती. तिथे आता रेल्वेचं संग्रहालय झालं आहे असं कळलं, आणि माझ्या नवऱ्याने सुट्टीच्या दिवशी सगळ्यांना तिकडे न्यायचं ठरवलं. आबांनी आदल्या दिवशीच शर्टाला इस्त्री केली. चिमी इंजिनावर चढायला मिळणार म्हणून तयार झाली, आजोबांशी तिला फारसं देणंघेणं नव्हतं. वाटेत ती खिडकीकडे तोंड करून बसली आणि आबा दुसऱ्या खिडकीकडे.

डेपो ओळखू येऊ नये इतका स्वच्छ केलेला. भिंतींवरची काजळी धुऊन काढली होती आणि इंजिनांना असा झकपक रंग दिला होता की आबा म्हणाले, "कोणाच्या लग्नाला निघाली आहेत ही?" ज्या बाकावर बसून ते रोज डबा खायचे, त्याच्यापुढे दोरी बांधून "बसू नये" अशी पाटी लावली होती. आबांनी पाटी वाचली, दोरी उचलली आणि आत जाऊन बसले. नवरा इकडेतिकडे बघत घाम पुसत राहिला. मला मात्र बरं वाटलं. कितीतरी दिवसांत ते इतके खुशीत दिसले नव्हते.

दुरुस्तीच्या दालनात पोरांची गर्दी होती. रुळाच्या तुकड्यावर दोन चाकं उभी केलेली, शेजारी साखळीने बांधलेला हातोडा, आणि वर पाटी: यातलं एक चाक तडकलेलं आहे, वाजवून ओळखा. तडा मागच्या बाजूला होता, तिकडे पडदा लावलेला. पोरं एकामागून एक टोले देत होती. चिमीनेही दिले. तेवढ्यात माझ्या नवऱ्याची छाती फुगली आणि तो तिथल्या गाइड मुलीला म्हणाला, "आमचे वडील इथेच चाकं वाजवायचे."

झालं. गाइडने पोरांना बाजूला केलं, मोठी माणसंही गोळा झाली. आबांनी बाह्या दुमडल्या. हातोडा हातात घेतला आणि त्यांची पाठ ताठ झाली. उजव्या चाकावर टोला, मान तिरकी. डाव्या चाकावर टोला, मान तिरकी. मग पुन्हा उजव्यावर. आबांनी डाव्या चाकावर हात ठेवला आणि भरल्या आवाजात म्हणाले, "हे चांगलं. हे खुशाल जाऊ द्या लाइनवर."

डावं चाक फुटक्या मडक्यासारखं वाजलं होतं. मला कळलं, नवऱ्याला कळलं, शेंबड्या पोरांनाही कळलं. गाइड क्षणभर गडबडली. मग गोड हसून मान डोलावत म्हणाली, "अगदी बरोबर," आणि टाळ्या वाजवू लागली. मोठ्यांनी लगेच साथ दिली. आबांनी सगळ्यांना हात जोडले.

टाळ्या थांबल्या आणि चिमी म्हणाली, "पण ते तल बद्द वाजलं. दुसलं चांगलंय."

आबांनी तिचे ओठ हललेले पाहिले. "काय म्हणतेय ती?" त्यांनी मुलाला विचारलं.

"काही नाही आबा, छान म्हणतेय," नवरा मोठ्याने म्हणाला आणि मला डोळ्यांनी दटावलं.

दटावलं नसतं तर कदाचित मी गप्प बसले असते. पण सगळे मिळून त्या म्हाताऱ्याला लाडू दिल्यासारखं खोटं देत होते, आणि पोर आपलं खरं बोलणं कोणी ऐकेल का म्हणून एकेकाच्या तोंडाकडे बघत होती. मी पुढे झाले आणि आबांच्या कानाशी तोंड नेलं. "ती म्हणतेय तुमचं चुकलं, आबा. डावं बद्द आहे."

नवरा पुटपुटला, "काय गरज होती?" आबांनी माझ्याकडे पाहिलं, मग चिमीकडे. गाइडला काही न विचारता ते चाकाच्या मागे गेले, पडदा सारला आणि नखाने तडा चाचपत गेले, वरून खालपर्यंत. मग पुन्हा खालून वर. मला भीती वाटू लागली की आता हा माणूस मोडला, आणि मोडला तो माझ्यामुळे.

"गाडी गेली असती," ते म्हणाले. मग गाइडकडे वळून, रागाने नव्हे, समजावल्यासारखं, "बाई, चाकाची भीड धरायची नसते."

आणि माझ्यापुढे त्यांनी तळहात पसरला. "आण ते."

मी इतकी गडबडले की पर्समधली डबी सोडून सगळं बाहेर काढलं. किल्ल्या, रुमाल, चिमीची अर्धी खाल्लेली बिस्किटं. शेवटी डबी सापडली. मशीन कानात बसल्यावर आबा दचकले. वर पाहिलं, पंख्याकडे. खाली पाहिलं, कोणाच्या तरी करकरणाऱ्या बुटांकडे. "एवढा गोंगाट असतो?" म्हणाले. मग हातोडा उचलून दोन्ही चाकांवर एकेक टोला दिला आणि तोंड वाकडं केलं. "पहिल्यासारखं नाही हे. डब्यात बसून ऐकल्यासारखं वाटतंय." पुन्हा एकेक टोला. "पण फरक कळतो. डावं बद्द."

"बलोबल, आजोबा!" चिमी म्हणाली.

आबा हातोडा ठेवायचा विसरले. "ही बोबडी बोलते?" त्यांनी मला विचारलं.

"हो."

"कधीपासून?"

"बोलायला लागली तेव्हापासून," मी म्हणाले. सहा वर्षं एका घरात राहून या माणसाने आपल्या नातीचा आवाज ऐकलाच नव्हता. नवरा पाठ फिरवून एका इंजिनाचा फलक फार मन लावून वाचू लागला.

आबा गुडघ्यांवर हात टेकत, कण्हत, चिमीसमोर उकिडवे बसले. "शाळेत काय काय झालं ते सांग मला."

तिने आधी माझ्याकडे पाहिलं. मी मान हलवली. मग ती नेहमीच्या सवयीने, शिरा ताणून, सगळं दालन वळून बघेल अशा आवाजात ओरडली, "आजोबा, आमच्या वल्गात..."

"हळू," आबा म्हणाले. "ओरडू नकोस. हळू सांग."

ती थांबली. हे तिला कोणी कधी सांगितलं नव्हतं. मग ती त्यांच्या अगदी जवळ गेली, दोन्ही हातांची ओंजळ करून त्यांच्या कानाला लावली आणि कुजबुजत काहीतरी सांगू लागली. मी हाताच्या अंतरावर उभी होते, मला त्यातलं एक अक्षर ऐकू आलं नाही. आबा हसत होते.