चांदणीचे गजगे

जालन्याच्या जमिनीत समुद्र सापडत नाही. विहीर खणा नाहीतर घराचा पाया, आधी काळी माती, मग मुरूम आणि त्याखाली काळा पाषाण. नशीब असेल तर एखादी चमकणारी गारगोटी. त्यामुळे आम्ही दोघी बहिणी लहानपणी समुद्रातल्या प्राण्यांनी गजगे खेळत होतो, असं सांगितलं की लोक मान डोलावतात आणि विषय बदलतात.

अण्णा, म्हणजे आमचे वडील, ट्रक चालवायचे. जालन्यातून कपाशीचं बियाणं भरायचं आणि पेरणीच्या आधी मध्य प्रदेशात, धारच्या पुढे कुक्षी-बाघच्या बाजूला पोचवायचं. तिकडच्या एका चढावर गाडी हमखास तापायची. ती निवेपर्यंत अण्णा रस्त्याकडेच्या पांढुरक्या रानात मान खाली घालून फिरायचे. तिथे सुपारीहून मोठे, लिंबाहून लहान असे गोल दगड मिळायचे आणि त्यांच्या पाठीवर पाच पाकळ्यांची चांदणी असायची. "तिकडल्या बाया हातानं कोरत्यात, गजगे खेळायला," असं अण्णा अगदी ठामपणे सांगायचे. एकाही बाईला कोरताना त्यांनी पाहिलं नव्हतं. पण ज्या माणसाला दोन मुली आहेत आणि दोघी दिवसभर ओट्यावर बसून एक खडा वर उडवतात, तो खाली येईपर्यंत जमिनीवरचे उचलतात आणि एकमेकींशी भांडतात, त्याला गोल दगड दिसला की दुसरं काय सुचणार?

अण्णा परत आले की आम्ही आधी त्यांच्या टॉवेलची गाठ सोडायचो, मग पाणी द्यायचो. त्यावरून आईची बोलणी ठरलेली. टॉवेलला डिझेलचा वास असायचा आणि दगडांना त्या रानातल्या पांढऱ्या मातीचा. निवड अक्का करायची, कारण ती थोरली. प्रत्येक दगड ती तळहातावर झेलून बघायची, एक डोळा मिटायची आणि सोनाराच्या थाटात निकाल द्यायची. चपटा असेल तर बाद. पत्त्यातल्या बदामासारखा एका बाजूला खाच असलेला, तोही बाद. हे बाद झालेले माठाखाली टेकू म्हणून जायचे, नाहीतर आईच्या झेंडूच्या वाफ्याभोवती लागायचे. सारख्या मापाचे आणि सारख्या वजनाचे पाच जमायला दोन-तीन हंगाम लागले. पाचवा मिळाला त्या दिवशी अक्का जेवली नाही, खेळतच बसली.

आमच्या तळहातांनी त्या पाचांवरच्या चांदण्या हळूहळू झिजून गेल्या. अंगठा फिरवला तरच कळायच्या.

घरात गजगे खेळलं की भांडणं लागतात, असं आई म्हणायची. त्यात गजग्यांचा दोष नव्हता, अक्का लबाड होती. खडा हातातून निसटला की तो जमिनीला टेकायच्या आत ती "टाइमप्लीज" म्हणायची. मी ऐकलं नाही तर पाचही गजगे मुठीत आवळून बसायची. मग मी करंगळीपासून सुरुवात करून तिचं एकेक बोट सोडवायचे. शेवटी अंगठा राहायचा. तो मला कधीच सुटला नाही. फार चीड यायची मला त्या अंगठ्याची.

तिचं लग्न होऊन ती कुंभार पिंपळगावला गेली, तेव्हा आईने वाटणी केली. तीन तिला, दोन मला. दोघी एका ठिकाणी आल्याशिवाय डाव मांडता येणार नाही, हे आईने ओळखून केलं होतं की काय, कोण जाणे. आम्ही भेटायचो, पण पोरंबाळं, स्वयंपाक, गप्पा यांत गजग्यांची आठवण कोणाला राहते.

पुढे मी शाळेत शिकवायला लागले. एकदा सहलीच्या मुलांना घेऊन एका संग्रहालयात गेले आणि काचेच्या पेटीत आमच्या बाद झालेल्या बदामासारखाच दगड दिसला, पाठीवर तीच चांदणी. खाली लिहिलं होतं, सी अर्चिन, समुद्राच्या तळाशी राहणारा काटेरी प्राणी, दगड झालेला. डायनासोर होते त्या काळी नर्मदेच्या खोऱ्यात समुद्र शिरला होता आणि आमच्या पायाखालचा काळा पाषाण त्याच्याही नंतरचा. मी तिथूनच अक्काला फोन लावून सगळं सांगितलं.

"म्हंजे आपुन मेलेल्या जनावरानं खेळत होतो?" ती म्हणाली. "आईला नको सांगू. न्हाई तर सगळं घर धुवायला लावंल."

अण्णांना मात्र सांगायचं राहिलं, ते तेव्हा नव्हतेच. आजही वाटतं, त्यांना फार गंमत वाटली असती.

मागच्या वर्षी अक्काला लकवा मारला. उजवा हात गेला. ती शिवणकाम करते. पिंपळगावच्या बाजारच्या दिवशी तिच्या दारात ब्लाउजपिसं घेऊन बायांची रांग असायची. कात्री धरता आली नाही तर अक्का अक्का राहणार नाही, हे तिला कळत होतं आणि मलाही. डॉक्टरांनी दाबायला रबरी चेंडू दिला होता. तो कॉटखाली पडलेला असायचा. "पोरखेळ करून राह्यले माझ्याशी," म्हणायची आणि भिंतीकडे तोंड करायची. हात जेवढा लवकर चालवाल तेवढा बरा, असं डॉक्टरांनी बजावलं होतं, आणि दिवस तर जात होते. दाजी माझ्यासमोर रडले.

मी माझे दोन घेऊन गेले. तिचे तीन शिवणयंत्राच्या खणात बॉबिनच्या डब्यात होते. तिच्या कॉटवर डाव मांडला आणि एकटीच खेळायला लागले. मुद्दाम चुकत, वाईट खेळत.

ती बराच वेळ बघत राहिली. मग तिच्याने राहवेना. "शिकवती पोरांना, अन् येवढं बी येईना," म्हणाली. जीभ अजून जड होती. डाव्या हाताने तिने एक गजगा उडवला आणि उजवा हात खाली धरला. गजगा बोटांना लागून चादरीवर पडला.

"टाइमप्लीज."

"न्हाई," मी म्हणाले. "टाइमप्लीज नाहीच. बाद म्हणजे बाद. दे इकडं."

तिने माझ्याकडे असं बघितलं, की मला आमचा ओटा दिसला. गजगा तिने डाव्या हाताने उचलून उजव्या तळव्यात टाकला आणि मी हात पुढे करताच बोटं त्याच्यावर मिटली. मी करंगळीपासून सुरुवात केली. ती सहज सुटली. तिच्या शेजारचं बोट सुटलं, मधलंही सुटलं. अंगठ्याशेजारचं जरा अडलं. मग अंगठ्यापाशी आले. तो सुटेना. मी जोर लावला, तर त्यानेही लावला.

"सोड की गं," मी तोंडाने म्हणत होते, आणि मनात म्हणत होते, सोडू नकोस.