ट्रॉम्बोनची आठ आवर्तनं

मी ट्रम्पेट वाजवतो. वरातीत पुढे चालणारा, गाल फुगवलेला, लाल कोटातला जो माणूस तुम्ही पाहता आणि लगेच विसरता, तो मी. आमच्या धंद्याचा पहिला नियम मी विशीतच शिकलो: रस्त्यावर बाजा थांबू द्यायचा नाही. एक गाणं संपून दुसरं सुरू होईपर्यंतची फटसुद्धा ड्रमने भरून काढायची. बाजा थांबला की नाचणारे थांबतात, आणि नाचणारे थांबले की नवरदेवाचा कोणीतरी मामा येऊन विचारतो, "काहून बे, झोपले का?" इतकी वर्षं वरातीत चाललेल्या माणसाला शांतता सहन होत नाही. हे आधीच सांगून ठेवतो, कारण पुढे जे सांगणार आहे त्याला हेच कारण मी बरीच वर्षं पुढे करत आलो. ते खोटं नाही, पण पुरतं खरंही नाही.

भंडाऱ्यातून गोंदिया वेगळा झाला त्या सुमारास आमच्या मोहाडीच्या बँड पार्टीतला ट्रॉम्बोनवाला तिकडच्या एका पार्टीत निघून गेला. जिल्ह्याच्या वाटणीत ट्रॉम्बोन तिकडे गेला, असं आम्ही हसत म्हणायचो. ट्रॉम्बोन म्हणजे लांब दांडी मागेपुढे सरकवून वाजवायचा तो पितळी बाजा. पोरं त्याच्या दांडीकडे टक लावून पाहतात, बाकी कोणी त्याला विचारत नाही. वरातीत चाल ट्रम्पेटची नाहीतर क्लॅरिनेटची. ट्रॉम्बोनने खालचे सूर भरत मागून चालायचं.

त्याच्या जागी आम्हाला कारध्याचे काकाजी मिळाले. सगळे त्यांना काकाजीच म्हणायचे. फौजेच्या बँडमध्ये उभी हयात काढून ते गावी परत आले होते, धानाची थोडी शेती बघत होते आणि शेतीत मन लागत नव्हतं. ट्रॉम्बोनची पेटी मांडीवर घेऊन एसटीने मोहाडीला यायचे. पेटीत बाजाबरोबर कोल्ड क्रीमची डबी आणि न्हाव्याकडे असते तशी पाण्याच्या फवाऱ्याची बाटली. दांडीला क्रीमचा हलका हात आणि वरून फवारा. आमचा आधीचा गडी खोबरेल तेल लावायचा. पहिल्याच दिवशी ड्रमवाल्याने तेलाची बाटली पुढे केली तेव्हा काकाजी चिडले. मी त्यांना चिडलेलं पाहिलं ते तेवढंच.

"थंडीत गोठते ते, बाबू. बाजा आहे हा, डोक्याचे केस नाईत."

एक हंगाम ते मुकाट्याने मागून चालले. पावसाळ्यात लग्नं बंद झाली तेव्हा एका दुपारी त्यांनी माझ्यासमोर कागदांचा गठ्ठा ठेवला. कडा पिवळ्या पडलेल्या, हाताने लिहिलेले सूर. फौजेत त्यांचा एक मोठा जॅझ बँड होता: चार ट्रम्पेट, चार ट्रॉम्बोन, पाच सॅक्सोफोन, पियानो, ड्रम. साहेबांच्या मेजवान्यांमध्ये वाजायचा. त्यांच्या उस्तादाने त्या बँडसाठी एक गत बांधली होती. तीत सगळा बँड मिळून एका ट्रॉम्बोनला वाट करून देतो. आधी सगळे त्याच्याखाली हळू वाजवतात, मग पुरते थांबतात, आणि चार मात्रांची आठ आवर्तनं तो एकटा वाजवतो. जेमतेम अर्ध्या मिनिटाचा खेळ.

"किती येळा वाजवली तुमी?" मी विचारलं.

"एकदाबी नाई. मी तिसऱ्या नंबरचा ट्रॉम्बोन होतो. पहिल्या नंबरवाल्याची राहाते ते जागा." मग कागदांच्या कडा सारख्या करत म्हणाले, "निवृत्त व्हायच्या आधी कागद मात्र सारे उतरून आणले. म्हटलं, एखांद्या दिवशी चार लोकांसमोर आपणबी वाजवू."

त्यांनी आयुष्यात माझ्याकडे मागितलं ते एवढंच. पार्टीचा मास्तर मी होतो, म्हणून मला विचारलं. मी मोठ्या मनाने हो म्हटलं. मोठ्या मनाचं सोंग मला तेव्हा चांगलं जमायचं.

आम्ही कोष्टी. घरी मागाची खोली होती, तिथेच तालीम सुरू झाली. एका मागावर वडील विणत बसायचे, दुसरा बंद होता, त्याच्यावर आम्ही कागद पसरायचो. चार-चार ट्रम्पेट कुठून आणणार? काकाजींनी सगळी गत आमच्या नऊ जणांपुरती बेतून घेतली, ज्यांना फौजेतली इंग्रजी स्वरलिपी वाचता येत नव्हती त्यांच्यासाठी सारेगम लिहून दिलं. ताल काही केल्या आम्हाला जमेना. आम्ही सरळ पावलं टाकणारे, आणि त्या तालाला लंगडत चालायचं होतं, एक मात्रा लांब, एक आखूड. काकाजींनी वडिलांच्या मागावर इकडून तिकडे धावणाऱ्या धोट्याकडे बोट दाखवलं.

"तो धोटा आयका. खटाऽऽक-खट, खटाऽऽक-खट. तुमच्या घरात जॅझ वाजून राहिला अन तुमाले पत्ता नाई."

वडील हसले. त्या दिवसापासून ताल बसला.

आणि ते एकट्याने वाजवायचे तेव्हा! खरं सांगतो, ट्रॉम्बोनमधून असा आवाज निघतो हे मला ठाऊकच नव्हतं. एका सुरातून दुसऱ्यात ते न तोडता, ओघळत जायचे. आठातलं तिसरं आवर्तन त्यांनी जवळजवळ रिकामं ठेवलं होतं. पहिल्या मात्रेवर एक सूर, मग काही नाही. मी म्हटलं, "काकाजी, इथं खाली खाली वाटते." ते म्हणाले, "खालीच पायजे. तिथंच तर आयकणारा श्वास घेते." गल्लीतल्या बाया खिडकीशी येऊन उभ्या राहू लागल्या. माझ्या ट्रम्पेटसाठी त्या कधी आल्या नव्हत्या. एकदा तालीम संपल्यावर बायको म्हणाली, "काकाजीचं आयकलं का आंगावर काटाच येते बापा." मी भाकरीचा तुकडा मोडत "हं" म्हटलं. घास गोड लागला नाही. साठीतल्या, आयुष्यभर तिसऱ्या नंबरवर बसलेल्या माणसाचा मी हेवा करत होतो. आज लिहितानाही लाज वाटते, पण ते तसंच होतं.

दिवाळी झाली आणि आमच्याकडच्या गावोगावच्या मंडया सुरू झाल्या. मंडई म्हणजे गावची जत्रा: दिवसा बाजार, पाळणे, पाहुण्यांची गर्दी, आणि रात्री नाटक. नाकाडोंगरीच्या मंडईचं आम्हाला बोलावणं आलं. नाटकाच्या स्टेजवर दुपारी तासभर बसून वाजवायचं होतं. आम्ही बसून कधी वाजवलंच नव्हतं. खुर्च्यांवर नऊ लाल कोट ओळीने बसलो तेव्हा फोटो काढायला बसवल्यासारखं वाटत होतं, पाय कुठे ठेवावे कळेना. दांडी पुढे सरकवायला जागा हवी म्हणून काकाजी पुढच्या कडेला बसले. कोट धुऊन आणला होता. सुनेला आणि दोन नातींना ते कारध्याहून सोबत घेऊन आले होते. त्या तिघी पहिल्या ओळीत सतरंजीवर बसल्या होत्या.

आधी नेहमीची गाणी झाली, लोक खूश होते. मग काकाजींची गत. तालाने लोकांना जरा कोड्यात टाकलं, पण मान डोलवणारेही दिसले. आम्ही हळू झालो, ट्रॉम्बोन वर आला, आणि ठरल्याप्रमाणे सगळे थांबलो.

एवढ्या गर्दीत शांतता झाली. पाळण्याची करकर ऐकू येत होती. पहिलं आवर्तन काकाजींनी अलगद उचललं, दुसरं ओघळत खाली आणलं. तिसऱ्याचा पहिला सूर लागला आणि ते थांबले. दांडी पुढे ताणलेली, डोळे मिटलेले. गर्दीतून कोणीतरी ओरडलं, "बंद पडला का बे बाजा?" लोक हसले. मी ट्रम्पेट ओठाला लावला आणि वरातीतलं सगळ्यात चालतं गाणं जोरात सुरू केलं. ड्रमवाला सवयीने लगेच माझ्यामागे आला, बाकीचेही आले. लोकांनी टाळ्या आणि शिट्ट्यांनी जागा डोक्यावर घेतली.

ही गोष्ट मी आजवर ज्याला ज्याला सांगितली, त्याला अशीच सांगितली: आधी तो माणूस ओरडला, मग मी वाजवलं. पण तो ओरडला तेव्हा माझा ट्रम्पेट ओठालाच होता. दुसरं आवर्तन संपता संपता मी तो उचलला होता. श्वास घेऊन झाला होता. त्या माणसाने मला फक्त निमित्त दिलं.

काकाजींनी डोळे उघडले. माझ्याकडे पाहिलं नाही. दोन मात्रा गेल्या असतील, मग त्यांनी दांडी आत ओढली आणि माझ्या गाण्याला खालचे सूर भरायला लागले, वरातीत भरायचे तसेच, एकही सूर न चुकवता. मोठ्या नातीने टाळ्या वाजवायला हात वर केले होते. ते तसेच राहिले. तिला कळेना, आजोबांचं झालं की व्हायचं आहे.

कार्यक्रम संपल्यावर मंडईच्या मंडळाचे अध्यक्ष शाल-श्रीफळ घेऊन वर आले. शाल त्यांनी माझ्या खांद्यावर टाकली. "मास्तर, तुमी सांभाळून घेतलं बापा. काय झालं होतं त्या काकाच्या बाजाले?"

खरं सांगायला ती जागा चांगली होती. निदान गप्प राहायला तरी.

"थंडीचे दिवस नं," मी म्हणालो, "खोबऱ्याचं तेल गोठलं. दांडी अटकली."

भर दुपार होती. कोटात घाम आला होता. आणि काकाजी माझ्यामागे दोन हातांच्या अंतरावर उभे राहून दांडी पुसत होते. क्रीमची डबी त्यांच्या खुर्चीवर उघडी होती. बँडमधल्या प्रत्येकाला खरं काय ते माहीत होतं, जो तो आपापला बाजा आवरत होता. अध्यक्षांनी त्यांच्याकडे पाहून विचारलं, "हव का, काका?"

"हव," काकाजी म्हणाले. "अटकली होती."

त्यांनी शिवी दिली असती तर मी भांडलो असतो. मला भांडता छान येतं. पण त्यांनी माझं खोटं आपल्या अंगावर घेतलं, आणि मी शाल पांघरून उभा राहिलो. परतीच्या गाडीत मी शाल काढून पिशवीत कोंबली. ती आजही घरात आहे, बायको हिवाळ्यात वापरते. ती वापरते तेव्हा मी तिकडे बघायचं टाळतो.

ते पार्टी सोडून जातील असं मला वाटलं होतं. खोटं कशाला बोलू, जावेत असंही वाटलं होतं. पण आठ दिवसांनी ते एसटीने आले, मागाच्या खोलीत बसले आणि पेटीतून एक नवा कागद काढून माझ्या हातात दिला. त्यांच्या रेखीव अक्षरात सारेगम. वर लिहिलं होतं: ट्रम्पेट. ती आठ आवर्तनं त्यांनी माझ्या बाजासाठी उतरवून दिली होती, माझ्या पट्टीत, जिथे माझा दम कमी पडतो तिथे श्वासाची खूण करून.

"तुले पायजे होती ना ते जागा," ते म्हणाले. आवाजात राग नव्हता, मी खूप शोधला. "घे मंग. पण नीट वाजव. मधात लग्नाचं गाणं नको घालू."

"काकाजी, तुमीच वाजवा," एवढं तरी मी म्हणायला हवं होतं. मी कागद घेतला.

पुढच्या साली मोहाडीच्याच मंडईत ती गत आम्ही पुन्हा वाजवली. एकट्याची जागा माझी होती. आम्ही हळू झालो, सगळे थांबले, मी पहिलं आवर्तन उचललं, दुसरं खाली आणलं. तिसऱ्याचा पहिला सूर लावून थांबलो. ती शांतता मला झेपेना. पुढचा सूर कधी, मात्रा कितवी, काहीच सुचेना. घाबरून मी बाजूला पाहिलं. काकाजींनी ट्रॉम्बोन मांडीवर आडवा ठेवला होता, ओठांपासून लांब. लोकांना दिसणार नाही असं, एक बोट गुडघ्यावर टेकवून ते माझ्यासाठी मात्रा मोजत होते. दोन. तीन. चार. मग त्यांनी भुवई उचलली, आणि मी वाजवलं.