काठाचे दोन धागे

सातवीच्या परीक्षेत पोरगी नापास झाली तर तिला विड्या वळायला बसवायची, म्हणून मी विड्यांचं सूपही आणून ठेवलं होतं. सोलापुरात परीक्षेला जाताना बसमध्ये ती पुन्हा चुकली. क्ष चार, तर दोन अधिक तीन क्ष म्हणजे वीस, म्हणाली.

"डोकंच नाही हिला," मी म्हणाले.

"डोकं हाय की, अक्का. घाई लई," समोरच्या बाकावरची विणकर बाई म्हणाली. तिने पिशवीतले सुताचे तुकडे मांडीवर मांडले. कडेला काठाचे दोन, मधे चार-चार धाग्यांच्या तीन पट्ट्या. "आधी पट्ट्या मोज. काठ मागनं मिळव."

"चौदा!" पोरगी ओरडली.

बाई सूत पिशवीत भरून उतरली. नाव विचारायचं राहिलं.

पोरगी पास झाली. सूप मी शेजारणीला देऊन टाकलं.