मागची बॅटरी

“ताई, लाईट हाय ना तुमच्याकडं?”

शेजारचे दादा सकाळी भेटोत की संध्याकाळी, बोलण्याची सुरुवात इथूनच. राम राम नंतर. आमची घरं भिंतीला भिंत लागून, त्यांच्याकडे लाईट असली की आमच्याकडेही असणारच. तरी विचारायचे. तुमच्याही गल्लीत असा एखादा असेल. त्याला हसण्याआधी त्याच्या घरात डोकावून बघा.

दादांच्या घरात वहिनी होत्या आणि ऑक्सिजनचं मशीन होतं. वहिनींची फुप्फुसं पार थकली होती, मशीनची नळी नाकाला लावूनच दिवस काढायचा. नळी पुरेल तेवढंच जग, म्हणजे पलंग, मोरी आणि खिडकी. लाईट कधी जाईल याचा नेम नाही. घरात इन्व्हर्टर होता, पण दादांचा त्याच्यावर काडीचा विश्वास नव्हता. हिंगोली-सेनगाव रस्त्यावर जन्मभर प्रवासी जीप हाकलेला माणूस, पण आता मशीनचा आवाज ऐकू येईल तिथवरच फिरायचा. कोपऱ्यावरच्या दुकानात गेले तरी अर्धा जीव घरात.

अशात वहिनींच्या भावाच्या मुलीचं लग्न ठरलं, पुसेगावला. वहिनी काही मागणाऱ्यातल्या नव्हत्या. मी शिवणकाम करते, तर त्यांनी माझ्याकडे ब्लाऊजचं कापड दिलं आणि म्हणाल्या, “शिवून ठेवा. जाणं व्हतंय का न्हाई, कोणाला माहीत.” दादा दारातच उभे होते. ऐकलं आणि तडक आपल्या जुन्या व्हॅनकडे गेले.

मग आमच्या दारासमोर रोज तीच खटपट. व्हॅनचं मागचं सीट निघालं, तिथं मोठी बॅटरी आणि इन्व्हर्टर बसला, शेजारी मशीन आणि वहिनींसाठी गादी. मागची बॅटरी पुढच्या बॅटरीला जोडलेली होती. वायरिंग करणाऱ्या मिस्त्रीनं बजावलं होतं, मशीन चालू असताना इंजिन बंद करायचं नाही, नाहीतर मागची बॅटरी संपेलच, पुढचीही बसेल. दादा म्हणाले, “बराबर.”

लग्नाला मीही सोबत गेले. वहिनी नवा ब्लाऊज घालून खिडकीला चिकटून बसल्या होत्या. नरसीच्या पुढे एका शेतात हळद शिजत होती. वहिनी म्हणाल्या, “वास येऊन राहिला बघा.” नळीतून कसला वास येणार! पण मी आपलं व्हय म्हटलं.

दादांनी व्हॅन मांडवाला अगदी लावून उभी केली. मंगलाष्टकं सुरू झाली आणि त्यांचा हात आपोआप किल्लीवर गेला. जीपवाल्याची सवय ती. उतार असो, रेल्वे फाटक असो, चहाची टपरी असो, संधी मिळाली की इंजिन बंद, तेल फुकट जाळायचं नाही. आम्हा कुणाच्याच ध्यानात आलं नाही. वहिनी खिडकीतून अक्षता टाकत होत्या.

थोड्या वेळानं मशीन किंचाळायला लागलं. दादांनी किल्ली फिरवली तर नुसतं टक टक. गावात नेमकी लाईट गेलेली. त्या पत्र्याच्या डब्यात मी, वहिनी आणि ते किंचाळणं. वहिनींचे ओठ निळसर दिसायला लागले. मी त्यांचा हात धरून बसले, दुसरं काय करणार होते? दादा बाहेर धावले, “धक्का द्या रे, धक्का!” फेटे बांधलेले पाहुणे, बँडवाले, खुद्द वहिनींचा भाऊ, सगळे गाडीला भिडले. गाडी मांडवापासून बरीच लांब गेली तेव्हा कुठं इंजिन धरलं आणि मशीन चालू झालं.

परतताना वहिनींच्या केसांत अक्षता अडकल्या होत्या. म्हणाल्या, “लगीन पोरीचं, अन् वरात माझीच निघाली.” मग दम लागेपर्यंत हसल्या. दादा हसले नाहीत.

पुढे वहिनी अधूनमधून विचारायच्या, पुन्हा कधी निघायचं. दादांचं ठरलेलं उत्तर, “आधी बॅटरीचं बराबर करतो.” तसं त्यांनी केलंही. दोन्ही बॅटऱ्या वेगळ्या करून घेतल्या, मागची आणखी मोठी बसवली. व्हॅन मात्र अंगणातून हलली नाही. मला दादांचा राग यायचा आणि त्यांचा चेहरा बघितला की तो गिळावा लागायचा. वहिनी एका दुपारी त्याच पलंगावर वारल्या. तेव्हा लाईट होती, मशीनही चालू होतं.

परवा दादा कोपऱ्यावरच्या दुकानाशी भेटले. व्हॅन रस्त्याच्या कडेला उभी होती, मागे बॅटरीशेजारी गादी तशीच अंथरलेली. आम्ही बराच वेळ बोललो आणि इंजिन आपलं धडधडतच होतं.

“दादा, बंद करा की आता,” मी म्हटलं.

त्यांनी वळून गादीकडे पाहिलं.

“राहू द्या, ताई. चालू राहू द्या.”