स्क्रूवरचा लाल ठिपका

तिरोडकर काका गेल्याचं मला ठाण्यात, वर्तकनगरच्या आमच्या स्टुडिओत कळलं. एका गायिकेचं रेकॉर्डिंग चालू होतं, तिचा आवाज काकांनीच दुरुस्त केलेल्या प्रीअँपमधून येत होता, आणि फोनवर सुधाकाकू एवढंच म्हणाल्या, "सकाळी गेले रे. चहा अर्धाच राहिला." मी काचेपलीकडे हात करून गाणं थांबवलं. लिहायला लाज वाटते, पण त्या क्षणी पहिलं मनात आलं ते दुःख नव्हतं. या माणसाचा आपल्यावर विश्वास होता की नाही, ते आता कधीच कळणार नाही, हे मनात आलं...

माइकमधून निघणारा आवाज इतका क्षीण असतो की तसाच रेकॉर्ड केला तर त्यात खरखरच जास्त येईल. प्रीअँप त्याला मोठा करतो आणि इक्वलायझर त्यातला जाडपणा, बारीकपणा हवा तसा बसवतो. आता हे सगळं काँप्युटरवर होतं, तरी जुन्या लोखंडी पेट्यांचा मान स्टुडिओवाल्यांमध्ये अजून आहे. काका डोंबिवली पूर्वेला दोन खोल्यांच्या घरात, गॅलरीला पडदा लावून त्या पेट्या दुरुस्त करायचे आणि स्वतःच्याही बनवायचे. तरुणपणी त्यांच्या भागीदाराने त्यांच्या इक्वलायझरची नक्कल करून ती स्वतःच्या नावाने विकली होती. तेव्हापासून ते आतल्या प्रत्येक ट्रान्झिस्टरवरचा नंबर पॉलिशपेपरने घासून टाकत, आणि झाकण बंद केलं की स्क्रूवर काकूंच्या लाल नेलपॉलिशचा ठिपका देत. कोणी झाकण उघडलं की ठिपका तुटायचा. घरच्या रेडिओवरही असे चार ठिपके होते.

मी खडवलीचा. वडील वीटभट्टीवर होते, आमच्या घरात पदवी घेणारा मी पहिला. कल्याणच्या कॉलेजातून फिजिक्स घेऊन बीएस्सी झालो आणि या स्टुडिओत लागलो. सहाव्या महिन्यात आमच्या जुन्या विलायती प्रीअँपची डावी बाजू बंद पडली, तेव्हा मालकांनी तो माझ्या हाती दिला आणि म्हणाले, "डोंबिवलीला ने. पण डोळे उघडे ठेव. तो म्हातारा आतला किमती ट्रान्सफॉर्मर काढून घेतो आणि स्वतःचा बसवतो, असं ऐकलंय." त्यामुळे काकांच्या दारात मी उभा राहिलो तो संशय घेऊनच. त्यांनीही मला तसंच पाहिलं.

"शिकलायस काय?"

"बीएस्सी. फिजिक्स."

"मग बाहेरच बस. न शिकलेल्याला आत काय बघायचं ते कळत नाही. तुला कळेल."

काकूंनी पोहे दिले. पडद्यामागून सोल्डरिंगचा वास येत राहिला आणि मी पडद्याकडे बघत राहिलो. मग काका म्हणाले, "ठेवून जा. पंधरा दिवसांनी ये."

पेटी परत आली. मालकांनी ऐकलं आणि मान हलवली. "डावीकडचा आवाज पातळ झालाय. उघड आणि बघ." मी लाल ठिपके खरवडून झाकण काढलं. उजवीकडचा ट्रान्सफॉर्मर जुना, काळवंडलेला. डावीकडच्यावर कोरी करकरीत पिवळी टेप. मालक म्हणाले, "बघ. बदलला. तू तिथे बसून काय करत होतास? मूळचा घेऊन ये, नाहीतर तूही येऊ नकोस." माझी पहिली नोकरी आणि घरी दोन धाकटी भावंडं शिकत होती. त्यात मी आणखी एक शहाणपणा केला. आपण उघडलं हे काकांना कळू नये म्हणून खडवलीला जाऊन बहिणीची नेलपॉलिश आणली, रंग जुळवून पाहिला आणि चारही स्क्रूवर ठिपके दिले.

पेटी पुन्हा डोंबिवलीला नेली तेव्हा काकांनी ती बाहेरच्या टेबलावर ठेवली, चष्मा वर केला. आवाजाबद्दल मी काही बोलायच्या आतच म्हणाले, "कोणी उघडली?"

"कोणी नाही, काका."

"मी ठिपका खाचेच्या डाव्या टोकाला देतो. हे सगळे मधोमध आहेत. तुझं काम माझ्यापेक्षा नीटनेटकं आहे, बीएस्सी." आतून काकू म्हणाल्या, "आणि रंग गुलाबीकडे झुकतोय."

मी सगळं कबूल केलं... मालकांचं बोलणं, टेप, नोकरी. काकांनी झाकण काढलं, डावा ट्रान्सफॉर्मर सोडवून उलटा केला. तळाशी कोरलेला नंबर होता, आणि उजवीकडच्याचा नंबर बरोबर त्याच्या पुढचा. मूळचाच होता. आतली तार तुटली होती आणि काकांनी केसाएवढ्या बारीक तारेचे हजारो वेढे हाताने मोजत तो पुन्हा भरला होता. पिवळी टेप त्याचीच. आवाज पातळ नव्हता, खरखर गेल्यामुळे तसा वाटत होता. "विचारलं असतंस तर दाखवला असता," एवढंच म्हणाले. मग शर्ट चढवून माझ्याबरोबर ठाण्याला आले आणि मालकांना दोन्ही नंबर दाखवले. माझी नोकरी राहिली. आज घरात जे आहे ते त्या दिवसामुळे आहे, हे मी विसरलेलो नाही.

पुढे कितीतरी वर्षं मी त्यांच्याकडे जात राहिलो. कान कसा द्यायचा ते त्यांनी शिकवलं, पडद्याआड मात्र कधी घेतलं नाही. दर वेळी दारातच विचारायचे, "काय बीएस्सी, आज कोणाची उघडून आलास?" काकू हसायच्या. मीही हसायचो, पण ती थट्टा होती की टोमणा, याचा विचार करत घरी यायचो. मी आलो की ते बाहेरच्या टेबलावरच्या कामावर फडकं टाकत. त्या फडक्याचाही मला राग यायचा.

काका गेल्यावर तीन आठवड्यांनी काकूंनी बोलावलं. पडदा काढलेला होता. फळीवर त्यांनी बनवलेल्या सहा पेट्या होत्या, प्रत्येकीवर क्रमांकाची चिठ्ठी. पाचवीच्या चिठ्ठीवर क्रमांकाखाली लिहिलं होतं, 'बीएस्सीसाठी'. मी सवयीने आधी स्क्रू पाहिले. ठिपका नव्हता. मनात आलंच, राहून गेला असेल. मग सहावी पाहिली, पाचवीनंतर बनवलेली. तिच्या चारही स्क्रूवर, खाचेच्या डाव्या टोकाला, लाल ठिपके होते.

काकूंसमोरच मी माझी पेटी उघडली. आतल्या एकाही ट्रान्झिस्टरचा नंबर घासलेला नव्हता. झाकण लावलं तेव्हा काकूंनी नेलपॉलिशची बाटली पुढे केली. मी ती फळीवर ठेवून दिली. पेटी आता स्टुडिओत माझ्या उजव्या हाताशी असते, आणि तिचे चारही स्क्रू कोरे आहेत.